वसंतातला वारा आणि वणव्याचा अंदाज: न्यू मेक्सिकोचा इतिहास

आजचा विषय अमेरिकेतल्या एका कोरड्या, डोंगराळ राज्याचा आहे, पण सुरुवात आम्ही पुण्यातून करणार आहोत. शिवाजीनगरला सिमला ऑफिसचा चौक आहे. रिक्षावाल्याला ‘सिमला ऑफिस’ म्हटलं की तो थेट हवामान खात्याच्या जुन्या दगडी इमारतीपाशी आणून सोडतो. सिमला कुठं आणि शिवाजीनगर कुठं? तर झालं असं, की भारतीय हवामान खात्याचं मुख्यालय १९२८ मध्ये सिमल्याहून पुण्यात आलं. पुढं १९४४ मध्ये ते दिल्लीला गेलं, पण पुणेकरांच्या तोंडी सिमला मात्र राहिलं. या सिमला काळातल्या एका कामाचा धागा पुढं न्यू मेक्सिकोच्या वणव्यांपर्यंत कसा जातो, ते आज आपण बघणार आहोत.

आधी तिथलं ऋतुचक्र समजून घेऊ. वसंत म्हटला की आपल्या डोळ्यांपुढं आंब्याचा मोहोर येतो, पळस येतो. न्यू मेक्सिकोत वसंत म्हणजे वारा. मार्च उजाडला की नैर्ऋत्येकडून सोसाट्याचा वारा सुटतो आणि मे संपेपर्यंत तो काही पाठ सोडत नाही. डोळ्यांत धूळ, दारं आपटताहेत, असे ते तीन महिने. कारण असं, की वसंतात उंचावरचा वेगवान पश्चिमी प्रवाह, म्हणजे जेट स्ट्रीम, अजून त्या प्रदेशावरून पुरता सरकलेला नसतो. खाली जमीन मात्र उन्हानं चांगली तापू लागलेली असते. तापलेली हवा दुपारी वर चढते, वरची हवा खाली उतरते, आणि उतरताना उंचावरचा वेग सोबत घेऊन येते. म्हणून सकाळी पान हलत नसतं आणि दुपारी दोन वाजता छप्पर उडायची वेळ येते. त्यात हा वारा वाळवंटावरून आलेला. सोबत बाष्प नाही. हवेतली आर्द्रता दहा टक्क्यांवर आली, कधी त्याच्याही खाली गेली, तर तिथं कोणाला नवल वाटत नाही.

पाऊस कधी येतो? जुलैत. आणि गंमत बघा, तिथले लोकही त्या पावसाला ‘मॉन्सून’च म्हणतात. म्हणजे हिवाळ्यातला बर्फ वितळल्यापासून जुलैच्या पावसापर्यंत एक कोरडी फट उरते. गवत गेल्या वर्षीचं, वाळलेलं. झाडं अजून पुरती जागी व्हायची आहेत. आणि वर वारा. सह्याद्रीत होळीपासून मृगापर्यंत जी अवस्था असते तीच ही. फरक एवढाच, की आपल्याकडं या दिवसांत इतका सलग, इतका जोराचा वारा नसतो. वणवा आपल्याकडंही लागतो, पण आपला वणवा डोंगर चढतो. तिकडचा वणवा धावतो.

आता इतिहासाकडं येऊ. वाऱ्याचा अंदाज आणि आगीचा धोका या दोन गोष्टी एका कागदावर कधी आल्या?

अमेरिकेची राष्ट्रीय हवामान सेवा १८७० मध्ये सुरू झाली, आणि ती सुरू झाली लष्कराच्या सिग्नल विभागात. तारायंत्रानं ठिकठिकाणची निरीक्षणं गोळा करायची आणि मुख्यतः सरोवरांतल्या नि समुद्रातल्या जहाजांना वादळाचा इशारा द्यायचा, हे तिचं काम. दुसऱ्याच वर्षी, ८ ऑक्टोबर १८७१ च्या रात्री, विस्कॉन्सिनमधलं पेश्टिगो हे लाकूडतोड्यांचं गाव जळून खाक झालं. महिनोन्‌महिने पाऊस नव्हता, जंगलात जागोजागी लहान आगी धुमसत होत्या. रेल्वेसाठी, शेतीसाठी लोक जंगल साफ करत होते आणि तोडलेला पाला तिथंच जाळत होते. त्या आगींची कोणाला फारशी भीती नव्हती. मग जोराचा वारा सुटला. किमान १२०० माणसं गेली, काही अंदाज २५०० पर्यंत जातात. त्याच रात्री शिकागोही पेटलं होतं, त्यामुळं जगानं शिकागोची आठवण ठेवली आणि पेश्टिगो विसरलं. आपल्या दृष्टीनं महत्त्वाचं काय? आगी आधीपासून होत्याच. त्यांचा संहार केला तो वाऱ्यानं. आणि वाऱ्याचा अंदाज देणारं खातं तेव्हा अस्तित्वात होतं, पण त्याचं तोंड पाण्याकडं होतं, जंगलाकडं नव्हतं.

हे तोंड वळायला आणखी चार दशकं लागली. २० आणि २१ ऑगस्ट १९१० या दोन दिवसांत आयडाहो आणि मोंटाना भागात सुमारे ३० लाख एकर जंगल जळालं आणि किमान ८५ माणसं मेली. त्यांतले बहुतेक आग विझवायला गेलेले होते. इथंही तेच. आधी शेकडो लहानमोठ्या आगी होत्या, आणि वाऱ्यानं त्यांची एक आग केली. अमेरिकेचं वनखातं, म्हणजे फॉरेस्ट सर्व्हिस, तेव्हा जेमतेम पाच वर्षांचं होतं. या घटनेची त्या खात्याच्या मनावर जी जखम झाली ती पुढं पन्नास-साठ वर्षं भरली नाही. त्याबद्दल पुढं बोलूच.

हवामान खात्याच्या बाजूनं पहिलं स्पष्ट उत्तर आलं ते पोर्टलंडहून. तिथले अंदाजकार एडवर्ड बील्स यांनी १९१४ मध्ये लेख लिहून हाच मुद्दा मांडला. मोठी आग ही मुळात वाऱ्याची घटना असते, तेव्हा वनरक्षकांना वाऱ्याचा इशारा आधी मिळाला तर माणसं आणि साधनं वेळेवर जागेवर ठेवता येतील. आज हे कोणालाही सहज पटेल. त्या काळात मात्र जहाजाच्या कप्तानाचा हक्क जंगलातल्या चौकीदारालाही आहे, असं म्हणण्यासारखं ते होतं. त्यानंतरच्या काही वर्षांत ‘फायर वेदर’, म्हणजे वणव्याच्या दृष्टीनं हवामान, ही एक स्वतंत्र शाखाच उभी राहिली.

पण वारा हा अर्धाच हिशेब झाला. उरलेला अर्धा म्हणजे जळणाचा कोरडेपणा, आणि तो मोजायचा कसा? इथं एक फार साधी, आणि आम्हाला विचाराल तर फार सुंदर, कल्पना निघाली. लाकडाला त्याच्या जाडीप्रमाणे घड्याळ लावायचं. वाळलेलं गवत आणि काडी, म्हणजे पाव इंचाहून बारीक जळण, हवेतल्या बदलाला तासाभरात प्रतिसाद देतं. त्याला ‘एक तासाचं जळण’ म्हणायचं. बोटाएवढी काटकी दहा तासांची. मनगटाएवढी फांदी शंभर तासांची. आणि तीन ते आठ इंचांचा ओंडका हजार तासांचा. चुलीपुढं बसलेल्या कुठल्याही आजीला हे ठाऊक असतं, की चिपाड लगेच पेटतं आणि बुंधा ओला असला तर दिवसभर धुमसतो. शास्त्रज्ञांनी तेच आकड्यांत बसवलं. १९७२ मध्ये अमेरिकेनं आगीच्या धोक्याची देशभरासाठी एकच मोजपट्टी आणली, तिच्या पोटात हे घड्याळ आहे. जंगलाच्या वाटेवर रंगीत पट्ट्यांचा जो फलक दिसतो, हिरव्यापासून लाल रंगापर्यंत, त्याच्या मागं हा हिशेब असतो.

या हिशेबातली मेख लक्षात घ्या. सकाळी पाऊस पडून गेला तरी गवत दुपारपर्यंत पेटण्याजोगं होऊ शकतं. उलट हिवाळाभर बर्फ कमी पडला तर ओंडके आतून वाळलेले राहतात आणि एक सर त्यांना ओलं करू शकत नाही. म्हणजे डोळ्यांना जंगल हिरवं दिसतं, पाय टाकला तर जमीन ओलसर लागते, आणि तरीही आतून ते भट्टीच्या लाकडासारखं तयार असतं.

हे दोन्ही हिशेब, वारा आणि कोरडेपणा, ज्या दिवशी एकत्र धोक्याची पातळी ओलांडतात त्या दिवशी ‘रेड फ्लॅग वॉर्निंग’ निघते. लाल बावट्याचा इशारा. लाल बावटा म्हटल्यावर गिरणगावातल्या मंडळींच्या मनात दुसरंच काही येईल, पण आपल्या बंदरांवर तीन नंबरचा बावटा लावतात ना, त्याच जातीची ही खूण. ही पद्धत १९६० च्या दशकात रुळली. नैर्ऋत्य भागात साधारणपणे आर्द्रता १५ टक्क्यांच्या खाली, सलग वारा ताशी ३० किलोमीटरच्या वर आणि जळण वाळलेलं, असं जुळलं की बावटा चढतो. प्रत्येक प्रदेशाचे आकडे वेगळे. त्या दिवशी उघड्यावर आग लावायची नाही, ठिणग्या उडतील असं यंत्र चालवायचं नाही, सिगारेटचं थोटूक फेकायचं नाही.

इथवर एक-दोन दिवसांच्या अंदाजाची गोष्ट झाली. पण वनखात्याला माणसं आणि विमानं आधी महिना-दोन महिने हलवावी लागतात. त्यासाठी अख्ख्या ऋतूचा अंदाज हवा. आणि इथं आपल्या कथेत सिमला ऑफिस येतं.

१८७७ आणि १८९९ या वर्षी आपल्याकडचा पाऊस दगा देऊन गेला, दुष्काळात लाखो माणसं मेली. पावसाचा अंदाज आधी देता येईल का, हा हवामान खात्यापुढचा जीवनमरणाचा प्रश्न झाला. १९०४ मध्ये गिल्बर्ट वॉकर त्या खात्याचे प्रमुख झाले. ते मूळचे केंब्रिजचे गणिती. हवामानशास्त्र त्यांना नवं होतं. त्यांनी जगभरच्या केंद्रांतले वायुदाब, तापमान, पाऊस यांचे आकडे मागवले आणि हिंदी कारकुनांच्या मदतीनं, हातानं, कशाचा कशाशी संबंध लागतो ते तपासायला सुरुवात केली. कॉम्प्युटर नव्हता, माणसंच आकडेमोड करायची. वर्षानुवर्षांच्या या खटाटोपातून त्यांना दिसलं, की पॅसिफिक महासागरावर हवेचा दाब चढला की हिंदी महासागराच्या बाजूला तो उतरतो, आणि उलटही होतं. अख्ख्या पृथ्वीच्या कमरेला बांधलेला जणू एक तराजू. १९२० च्या दशकात त्यांनी याला ‘सदर्न ऑसिलेशन’ असं नाव दिलं. मॉन्सूनचा भरवशाचा अंदाज काही त्यांना देता आला नाही. १९२४ मध्ये ते निवृत्त झाले, आणि तेव्हा बऱ्याच जणांना वाटलं की एवढी मेहनत वाया गेली.

ती वाया गेली नव्हती. १९६९ मध्ये याकोब ब्यर्कनेस या शास्त्रज्ञानं दाखवून दिलं, की वॉकरांचा तराजू आणि पेरूच्या किनाऱ्यावरचा एल निन्यो ही एकाच यंत्रणेची दोन तोंडं आहेत. एल निन्यो असताना अमेरिकेच्या नैर्ऋत्य भागात हिवाळा बहुधा ओला जातो. ला निन्या असताना वादळांची वाट उत्तरेकडं सरकते आणि हा भाग कोरडा राहतो. आपल्याकडं ला निन्या म्हटलं की शेतकऱ्याला हायसं वाटतं, पाऊस बरा होणार. न्यू मेक्सिकोच्या गुराख्याला तोच शब्द ऐकून पोटात गोळा येतो. एका पारड्यातलं सुख हे दुसऱ्या पारड्यातलं संकट, असा हा तराजू आहे.

आणि याचा पुरावा कुठं सापडला? झाडांत. पाँडेरोसा नावाचा पाइन वृक्ष त्या डोंगरांत भरपूर. त्याची साल जाड, गवतातून सरपटत जाणारी आग त्याला मारत नाही, फक्त बुडाशी एक चट्टा ठेवून जाते. खोडाच्या वर्तुळांत तो चट्टा कोणत्या वर्षाचा हे मोजता येतं. अॅरिझोना विद्यापीठात यासाठी खास प्रयोगशाळा आहे. तिथल्या टॉम स्वेटनम यांनी ज्युलिओ बेटनकोर्ट यांच्यासोबत १९९० मध्ये ‘सायन्स’ नियतकालिकात निबंध लिहिला. १७०० सालापासूनच्या आगींच्या खुणा त्यांनी वॉकरांच्या तराजूशी ताडून पाहिल्या. ओल्या वर्षांत आगी थोड्या, कोरड्या वसंतानंतर मोठ्या आगी, आणि या ओल्या-कोरड्या वर्षांचा संबंध सदर्न ऑसिलेशनशी. सिमल्यातल्या कारकुनांनी खरडलेले आकडे असे न्यू मेक्सिकोच्या झाडांत जाऊन भेटले. आज अमेरिकेत दर महिन्याला पुढच्या चार महिन्यांचा वणव्याचा प्रादेशिक अंदाज प्रसिद्ध होतो. त्यात पॅसिफिकच्या पाण्याच्या तापमानाचा परिच्छेद बहुधा सुरुवातीलाच असतो.

पण झाडांच्या त्या खोडांनी आणखी एक गोष्ट सांगितली, आणि ती जास्त अडचणीची होती. दर पाच-वीस वर्षांनी दिसणारे चट्टे १८८० च्या सुमारास विरळ होतात आणि पुढं जवळपास थांबतात. का? रेल्वे आली. रेल्वेसोबत मेंढरं आणि गुरं आली, हजारोंच्या संख्येनं. गवत खाल्लं गेलं, सरपटत्या आगीला चालायला वाटच उरली नाही. शेकडो वर्षं त्या डोंगरांत राहणारे प्वेब्लो लोक गावांभोवती लहान आगी लावत असत, तेही थांबलं. आणि मग १९१० ची ती जखम घेऊन वनखातं आलं. १९३५ मध्ये त्यांनी नियमच केला: कुठलीही आग दिसली की दुसऱ्या दिवशी सकाळी दहाच्या आत आटोक्यात आलीच पाहिजे. १९४४ पासून टोपी घातलेलं अस्वल, स्मोकी बेअर, पोरासोरांना वणवा टाळायला सांगू लागलं. हे अस्वल आधी चित्रातच होतं. १९५० च्या मे महिन्यात न्यू मेक्सिकोच्याच कॅपिटान डोंगरात वसंतातल्या वाऱ्यानं आग पसरली, त्यात पाय भाजलेलं एक पिल्लू सापडलं. ते वॉशिंग्टनच्या प्राणिसंग्रहालयात ‘स्मोकी’ म्हणून राहिलं, आणि १९७६ मध्ये मेल्यावर त्याला कॅपिटानला आणून पुरलं. इतकी ती मोहीम लोकांच्या मनात रुजली.

परिणाम काय झाला? जिथं एकरी काही मोजकी मोठी झाडं असायची तिथं शेकडो बारकी झाडं दाटली. पालापाचोळ्याचे थर साचले. लहान आगी आपण विझवत गेलो आणि मोठ्या आगीसाठी जळण रचत गेलो. १९७० नंतर हे हळूहळू मान्य झालं, आणि उपाय ठरला तो असा, की योग्य हवामानाचा दिवस निवडून आपणच आग लावायची, जळण कमी करायचं. नियोजित आग. उपाय शास्त्रशुद्ध आहे. पण त्यात एक माणूस काडी हातात घेऊन उभा असतो, आणि त्याच्या खिशात हवामानाचा अंदाज असतो. इथून पुढची गोष्ट त्या माणसाची आणि त्या अंदाजाची.

४ मे २०००. ला निन्याचा काळ. लॉस अलामॉसजवळ बँडेलियर इथं राष्ट्रीय उद्यान खात्यानं सेरो ग्रांडे डोंगरावर संध्याकाळी नियोजित आग लावली. दुसऱ्याच दिवशी ती वणवा म्हणून जाहीर करावी लागली. ७ मे रोजी वारा वाढला. १० मे रोजी ताशी ऐंशी किलोमीटरहून अधिक झोत आले आणि आग लॉस अलामॉस गावात शिरली. हे गाव म्हणजे जिथं पहिला अणुबॉम्ब घडला ते. अठरा हजारांच्या आसपास लोकांना घरं सोडावी लागली, चारशेहून जास्त कुटुंबांची घरं गेली, आग प्रयोगशाळेच्या आवारातही घुसली. सुमारे ४८,००० एकर जळालं. आगीत कोणी मेलं नाही, हे नशीब. चौकशीत एक नेमकी त्रुटी पुढं आली. ज्या दिवशी आग लावली त्या दिवसाचं हवामान पाहिलं गेलं होतं, पण पुढच्या तीन ते पाच दिवसांतला वारा आराखड्यात धरलेला नव्हता. आणि आग तर दिवस संपला म्हणून संपत नाही.

यातून सुधारणा झाल्या. आराखड्यांचे नियम कडक झाले. प्रादेशिक अंदाज देणारे गट त्याच सुमारास बांधले गेले, हवामानतज्ज्ञ आणि जळणाचे जाणकार एका टेबलाशी बसू लागले. असं वाटलं, की आता हे पुन्हा होणार नाही.

६ एप्रिल २०२२. पुन्हा ला निन्या. सांता फे राष्ट्रीय वनात, लास व्हेगस गावाच्या वायव्येला (जुगाराचं लास व्हेगस नव्हे, न्यू मेक्सिकोतलं जुनं, छोटं गाव), वनखात्यानं नियोजित आग लावली. दुपारी ती हातातून निसटली. तिला हर्मिट्स पीक हे नाव पडलं. तिकडं थोड्या अंतरावर काफ कॅनियन इथं जानेवारीत पालापाचोळ्याचे ढीग जाळले होते. त्यांतला एक विस्तव तीन वेळा बर्फ पडूनही जमिनीखाली धुमसत राहिला आणि एप्रिलच्या वाऱ्यात वर आला. आठवतं ना ते हजार तासांचं घड्याळ? २२ एप्रिलला भयंकर वाऱ्यात दोन्ही आगी एक झाल्या. ऑगस्टमध्ये ती आटोक्यात येईपर्यंत ३ लाख ४१ हजार एकरांहून जास्त क्षेत्र जळालं होतं. न्यू मेक्सिकोच्या नोंदींतला हा सर्वांत मोठा वणवा.

वनखात्यानं स्वतःच चौकशी केली. आग लावणारी तुकडी बेफिकीर होती असं त्या अहवालात नाही. आराखडा होता, मंजुरी होती, अंदाज होता. पण जमीन प्रत्यक्षात किती वाळली आहे याची समज कमी पडली. आराखडा आधीच्या वर्षांचा, आणि हवा बदलून गेलेली. शिवाय आग लावण्याजोगे दिवस वर्षागणिक कमी होत चाललेले, कामाचा डोंगर साचलेला. म्हणून मिळाला तो दिवस साधून घ्यायची घाई. सरकारी कचेरीत मार्चअखेर ज्यांनी पाहिला आहे त्यांना ही घाई वेगळी समजावून सांगायला नको.

आता ज्यांचं गेलं त्यांच्याकडं बघू. मोरा आणि सान मिगेल या तालुक्यांसारख्या भागांत स्पॅनिश आणि मेक्सिकन राजवटीपासून वसलेली कुटुंबं राहतात. थोडी गुरं, थोडं गवत, सरपणाचं जंगल. शेतीला पाणी ‘असेकिया’चं. म्हणजे गावानं सामाईक खणलेला पाट, वर्षातून एकदा सगळ्यांनी मिळून तो साफ करायचा, आणि पाणी वाटायला गावानं निवडलेला पाटकरी. धुळ्याकडच्या मंडळींना हे ऐकून फड पद्धत आठवेल. जात तीच. वणव्यात शेकडो घरं गेली, पण त्याहून खोल घाव या पाटांना झाला. डोंगर उघडा पडला, जुलैचा पाऊस आला, आणि राखचिखल घेऊन लोंढे खाली उतरले. पाट बुजले, बांध वाहून गेले, एका पुरात तिघांचा जीव गेला. लास व्हेगस गावाला पाणी पुरवणारी गायीनास नदी राखेनं भरली आणि पिण्याचं पाणी काही आठवड्यांपुरतंच उरलं. सरकारनं चूक कबूल केली, भरपाईसाठी कायदा झाला, कोट्यवधी डॉलर मंजूर झाले. दावे पुढची काही वर्षं चालले. पण दीडशे वर्षांच्या पाइनची किंमत कोणत्या तक्त्यात लिहायची? आजोबांनी कुंपणाला ज्या जंगलातून खांब आणले ते जंगल नातवाच्या हयातीत परत येणार नाही.

आता आपण या इतिहासातून काय घ्यायचं? आम्हाला तीन गोष्टी वाटतात.

पहिली, अंदाज चुकल्यामुळं झालेलं नुकसान आपल्या लक्षात राहतं. पण या इतिहासात बहुतेक वेळा अंदाज ढोबळमानानं बरोबर होता. वसंतात वारा सुटतो हे न्यू मेक्सिकोत शेंबड्या पोरालाही माहीत आहे. ला निन्याचा वसंत कोरडा जातो हे १९९० पासून छापलेलं आहे. कमी पडलं ते ज्ञान आणि निर्णय यांच्यामधलं अंतर ओलांडणं. अंदाज शक्यता सांगतो. काडी ओढायची की नाही, हे तो सांगत नाही.

दुसरी, धोका पत्करणारा एक आणि भोगणारा दुसरा, असं झालं की विश्वास संपतो. आणि विश्वास संपला की योग्य उपायही करता येत नाही. २०२२ नंतर वनखात्यानं देशभर नियोजित आगी नव्वद दिवस थांबवल्या. थांबवणं समजण्यासारखं होतं. पण जळण तर साचतच राहिलं. मोरातल्या माणसाला जाऊन सांगा, की तुझं जंगल वाचवायला अजून आगी लावायला हव्यात. शास्त्र बरोबर आहे, पण कोणत्या तोंडानं सांगणार?

तिसरी गोष्ट आपल्या घराजवळची. कोकणात, ठाण्या-नाशकाकडं भाताच्या रोपवाटिकेसाठी राब भाजतात. पाला-गोवऱ्या रचून, वारा पडलेला बघून, घरातली माणसं भोवती उभी राहून. ब्रिटिश वनखात्याला हा राब डोळ्यांत खुपत असे. त्यावरून ठाणे-कुलाब्यात इतका असंतोष झाला, की १८८५ मध्ये मुंबई सरकारला वन आयोग नेमावा लागला. राब चांगला की वाईट, हा वेगळा वाद आहे, तो आज नको. पण राब भाजणाऱ्याच्या कामात एक गोष्ट आहे. तो ज्या शेतात आग लावतो ते शेत त्याचं असतं, आणि निसटली तर पहिलं घर त्याचंच जळतं. म्हणून तो वाऱ्याकडं ज्या नजरेनं बघतो ती नजर कोणत्याही आराखड्यात लिहिता येत नाही. नव्या काळातले उपग्रहाचे इशारे आपल्या वनरक्षकाच्या मोबाइलवर येतात, ते हवेतच. फाल्गुनात जाळरेषा काढायला हव्यातच. पण डोंगराखाली राहणाऱ्याला त्या निर्णयात बसवल्याशिवाय हे सगळं कागदावरच राहील.

वॉकरांना त्यांचा मॉन्सून सापडला नाही. त्यांचे आकडे मात्र शंभर वर्षांनी दुसऱ्याच देशातल्या माणसांना सांगू लागले, की यंदा जपा. ऐकणं किंवा न ऐकणं हे त्या-त्या काळातल्या माणसांच्या हातात होतं. आपल्याही हातात तेवढंच आहे.

इथं थांबतो. काही प्रश्न आले आहेत, ते आता घेऊ.